क्रॅश परवडला

कॅड सॉफ्टवेअर बंद पडतं ते फार सभ्यपणे. आधी माउसचा बाण गोल फिरायला लागतो. मग खिडकी पांढुरकी होते. शेवटी एक छोटी चौकट येऊन सांगते की गंभीर चूक झाली आहे, तुमचं काम जमेल तेवढं वाचवलं आहे, क्षमस्व. त्यानंतर डेस्कटॉपवरचा हिरव्या डोंगराचा फोटो दिसतो. पाऊण तास थांबून ज्यांनी हे पाहिलंय त्यांना त्या डोंगराचा राग येतो.

माझ्या मामाला यायचा. मामाचं शिरूरला सर्व्हेचं ऑफिस आहे. म्हणजे एक खोली, दोन कॉम्प्युटर, एक टोटल स्टेशन, भाड्यानं आणलेला रोव्हर आणि दोन मुलं. सरकारी मोजणी ती नव्हे, ती भूमी अभिलेख खात्याची. मामाकडे येतात ती लेआउट, रस्त्याच्या लेव्हल, पाइपलाइन अशी कामं. मी दौंडची, नोकरी खराडीला, बँकांसाठी सॉफ्टवेअर लिहिते. पण घरात ‘कॉम्प्युटर इंजिनिअर’ या पदवीचा अर्थ प्रिंटरपासून पॅनकार्डापर्यंत सगळं येणारी बाई असा आहे, त्यामुळे ‘फाइल निघत नाही’ हा फोन मलाच येणार होता.

काम होतं काही शेतकऱ्यांनी मिळून करायच्या उपसा सिंचनाचं. भीमेच्या काठावरून पाणी उचलून उत्तरेला न्हावऱ्याच्या अंगाला न्यायचं. त्यासाठी १४ किलोमीटरचा पट्टा मोजला होता: बांध, रस्ते, विजेचे खांब, डीपी, झाडं, घरं, आणि ड्रोनवरून काढलेले कंटूर. या सगळ्याचं एकच ड्रॉइंग, ३८० एमबीचं. त्यातून तीन गोष्टी हव्या होत्या. बैठकीत पसरायला छापील नकाशा, म्हणून पीडीएफ. पुण्याच्या डिझायनरला त्याच्या सॉफ्टवेअरमध्ये घ्यायला डीएक्सएफ. आणि शेतकऱ्यांना मोबाइलवर आपापलं रान बघायला केएमएल. तिन्हींपैकी काहीही काढायला गेलं की हिरवा डोंगर.

एक्सपोर्ट म्हणजे काय ते मला दौंडच्या भाषेत सांगता येतं. दौंड-बारामती लाइन पूर्वी नॅरोगेज होती. बारामतीकडून आलेला माल दौंडला उतरवायचा आणि ब्रॉडगेजच्या डब्यात चढवायचा. माझे आजोबा तिथल्या माल-यार्डात पोती मोजायच्या कामावर होते. एका फाइल फॉर्मेटमधून दुसऱ्यात जाणं म्हणजे हेच. रूळ वेगळे, डबे वेगळे, माल तोच असायला हवा. ‘हवा’ हा शब्द आजोबांचा.

तर क्रॅश. कॉम्प्युटर दुकानदाराचं निदान तयार होतं: रॅम १६ ची ३२ करा. सगळ्या रोगांवर हे औषध देतात. मी टास्क मॅनेजर उघडून एक्सपोर्ट लावला आणि शेजारी चहा घेऊन बसले. मेमरी चढत चढत ११ जीबीवर गेली, पण मेमरी संपायच्या आत सी ड्राइव्ह संपला. त्यात चारच जीबी जागा उरली होती, आणि एक्सपोर्ट करताना सॉफ्टवेअर तात्पुरत्या फाइली गुपचूप तिथेच लिहितं. त्या फाइलींची जागा डी ड्राइव्हवर हलवली. आधी १२ मिनिटांत मरायचं, आता ४० मिनिटांनी मेलं.

मग साफसफाई. ड्रॉइंगमध्ये दुसऱ्या ड्रॉइंगमधून एखादं झाड जरी चिकटवलं, तरी त्याच्याबरोबर त्या घरचे न वापरलेले लेयर, ब्लॉक, रेघांचे प्रकार, कुठकुठल्या प्रोग्रॅमची नावं असं वऱ्हाड येतं आणि परत जात नाही. ऑडिट, पर्ज, पुन्हा ऑडिट. ३८० चे २१० एमबी झाले. मामा खूश झाला. एक्सपोर्ट लावला. डोंगर.

आता एकच रस्ता उरला होता: अर्धं करून बघायचं. ड्रॉइंगचे दोन तुकडे करायचे, दोन्ही वेगवेगळे एक्सपोर्ट करायचे. जो मरेल त्याचे पुन्हा दोन. मी मामाला बायनरी सर्च समजावून सांगायला लागले तर तो म्हणाला, ‘‘अगं, वायरमन हेच करतो.’’ खरंच की. रानातली लाइन सारखी ट्रिप होत असेल तर वायरमन मधल्या खांबावर जंपर सोडतो आणि सबस्टेशनला फोन करून लाइन चालू करायला सांगतो. टिकली तर फॉल्ट पुढे, पडली तर अलीकडे. मग तेवढ्यातल्या मधल्या खांबावर. आम्हाला दुसऱ्या वर्षाला हे एक अख्खं प्रकरण होतं, आणि वायरमन ते अंधारात, चिखलात, खांबावर चढून करतो.

ड्रॉइंगमध्ये अडीच लाखांच्या आसपास वस्तू होत्या. दर वेळी निम्म्या. अकराव्या वेळी शंभर-सव्वाशे उरल्या आणि स्क्रीनवर नुसत्या डोळ्यांनी गुन्हेगार दिसला: उसाचा एक तुकडा.

शेत, गवत, पाणी दाखवायला नकाशात आतली जागा नक्षीनं भरतात, त्याला हॅच म्हणतात. या तुकड्यात भरलेली गवताची नक्षी एका बंगल्याच्या प्लॅनमधून आली होती. तिथे ती एका कुंडीसाठी काढली होती, गवताचे झुबके एकमेकांपासून ५ मिलिमीटरवर. तीच इथे तीन एकरांना लागली. जमीन साधारण ११० मीटर लांब, तेवढीच रुंद. ११० मीटरमध्ये ५ मिलिमीटरचे २२ हजार घास. २२ हजार गुणिले २२ हजार म्हणजे ४८ कोटी ४० लाख झुबके, प्रत्येकात तीन रेघा. एका रेघेला २० बाइट धरले तरी २९ जीबी नुसतं गवत. खऱ्या शेतात साडेचार फुटांवर सरी धरली तर सगळ्या मिळून ८० सऱ्या भरल्या असत्या.

मजा अशी की स्क्रीनवर काहीच बिघडलेलं नव्हतं. दाखवताना सॉफ्टवेअर हुशारी करतं: इतकं दाट आहे, कशाला काढायचं, रंग भरल्यासारखं दाखवू. छापताना किंवा दुसऱ्या फॉर्मेटमध्ये लिहिताना ही हुशारी चालत नाही. तिथे प्रत्येक रेघ लिहावी लागते. म्हणून ‘बघताना उघडतंय की, मग निघत का नाही’ या प्रश्नात तसा दम नाही. बघणं आणि लिहून देणं ही वेगळी कामं आहेत.

हॅच उडवला. मामा म्हणाला, ‘‘नुसतं ‘ऊस’ लिही, कळतं लोकांना.’’ सहा मिनिटांत पीडीएफ निघाली. मामाला खरं तर १४ मीटरची एकच लांब पट्टी हवी होती, देवळात सतरंजीसारखी उलगडायला. १:१००० प्रमाणाला १४ किलोमीटरचे १४ मीटर होतात. पण पीडीएफच्या कागदाला नेहमीच्या हिशेबात २०० इंचांची, म्हणजे ५ मीटर ८ सेंटिमीटरची मर्यादा आहे. ती वाढवायची सोय नंतरच्या आवृत्तीत आली, पण सगळ्या प्रिंटरवाल्यांना आणि प्रोग्रॅमना ती झेपत नाही. १९ शीट केली. मी शेवटच्या गाडीनं दौंडला आले आणि झोपले.

इथवरची गोष्ट तांत्रिक आहे आणि थोडी शेखी मिरवायचीही. खरी भानगड एक्सपोर्ट निघायला लागल्यानंतरची.

त्याच आठवड्यात डिझायनरचा फोन आला. त्यांच्याकडच्या एका छोट्या कन्व्हर्टरमधून डीएक्सएफ गेली की कंटूरच्या गोल रेघांच्या पायऱ्या होत होत्या. क्रॅश नाही, लाल अक्षरं नाहीत. ‘यशस्वी’ असा संदेश, आणि आत पायऱ्या.

याचं कारण मला फोनवरच लक्षात आलं, कारण बँकेच्या सॉफ्टवेअरमध्ये आम्ही याच भुताला घाबरून असतो. सर्व्हेचे आकडे मीटरमध्ये असतात आणि उत्तरेकडचा आकडा विषुववृत्तापासून मोजलेला असतो. दौंड-शिरूर तिथून साधारण २०५० किलोमीटरवर आहे. म्हणजे प्रत्येक बिंदूच्या आकड्याची सुरुवातच २०,५०,००० अशी. कॉम्प्युटरमध्ये दशांश आकडे ठेवायच्या दोन मुख्य पद्धती आहेत. डबल प्रिसिजनमध्ये १५ अंक बिनचूक राहतात, सिंगलमध्ये जेमतेम ७. कॅडवाले डबल वापरतात. पण जागा आणि वेळ वाचवायला, आणि ग्राफिक्स कार्डाच्या सवयीनं, पुष्कळ छोटे प्रोग्रॅम सिंगल वापरतात. आता २०५०००० मोजा: सातच्या सात अंक दौंडपर्यंत पोचण्यातच संपले. मीटरच्या पुढचं मांडायला जवळजवळ काही उरत नाही. नेमकं सांगायचं तर या पट्ट्यात सिंगल प्रिसिजनची उत्तर-दक्षिण पायरी साडेबारा सेंटिमीटरची येते. पूर्व-पश्चिमेचा आकडा लहान असल्यामुळे तिकडे तीन सेंटिमीटरची.

प्रत्येक बिंदू जवळच्या पायरीवर ढकलला जातो, म्हणजे चूक जास्तीत जास्त सव्वासहा सेंटिमीटर. छापील नकाशावर ही रेघेच्या जाडीतच बुडते, कुणाला दिसणार नाही. पण २०० मीटरचा बांध सव्वासहा सेंटिमीटरनं सरकला तर साडेबारा चौरस मीटर जमीन इकडची तिकडे जाते. ३३ फुटांची साखळी, तिचा चौरस म्हणजे गुंठा, गुंठ्याचे १६ आणे. साडेबारा चौरस मीटर म्हणजे झाले दोन आणे. दोन आण्यांवरून आमच्याकडे भाऊ भावाशी बोलायचे थांबलेत. आणि हा रोव्हर दोन-तीन सेंटिमीटर अचूक माप देतो म्हणून भाड्यानं आणलेला!

उपाय सोपा होता. एक्सपोर्टच्या आधी सगळं ड्रॉइंग एका ठरलेल्या आकड्यानं शून्याजवळ आणायचं, तो आकडा फाइलच्या नावातच लिहायचा, आणि तिकडे गेल्यावर परत मिळवायचा. मामाच्या मुलांनी केलं. पायऱ्या गेल्या. डिझायनरनं पाइपलाइनची रेघ आखून पाठवली, तिची १९ शीट छापली, आणि रविवारी गावातल्या देवळाच्या सभामंडपात बैठक भरली. मी होते, कारण परत दौंडला सोडायला मामाची गाडी होती आणि जेवण होतं.

शीट फरशीवर ओळीनं मांडली. लोक चपला काढून नकाशाच्या कडेनं चालत होते, प्रत्येक जण आपला गट येईपर्यंत. एक म्हातारे गृहस्थ अकराव्या शीटपाशी उकिडवे बसले ते उठेनात. बोट एका जागी ठेवून म्हणाले, ‘‘सायेब, आमची हीर कुठाय?’’

मामा म्हणाला, ‘‘आबा, असंल की. जरा वरच्या अंगाला बघा.’’

‘‘वरच्या अंगाला चिच हाय. चिच दिसती. हीर न्हाई. अन् तुमची लाइन बराबर हिरीतनं चाललीया.’’

मामानं वाकून बघितलं. विहीर नव्हती. शेजारच्या शीटवरही कुठली विहीर नव्हती. १९ शीटमध्ये मिळून एकही नव्हती. मोजलेल्या होत्या ३१.

ती विहीर चार भावांत सामाईक होती, पाण्याच्या पाळ्या ठरलेल्या, सातबाऱ्यावर इतर अधिकारांत नोंद असलेली. डिझायनरच्या फाइलमध्ये ती नव्हतीच, मग त्याला तिथे मोकळं रान दिसलं, आणि सरळ गेलं तर दोन बेंड वाचत होते. त्याच्या जागी मीही सरळच गेले असते. सभामंडपात कुजबुज सुरू झाली, आणि ती पाइपाबद्दल नव्हती. विहीर ‘काढली’ कुणी, कुणाच्या सांगण्यावरून, असा तिचा सूर होता.

मला त्या सुराचं नवल वाटलं नाही. याच मुलखात १८७५ च्या मे महिन्यात सुप्याला, ते तेव्हा भीमथडी तालुक्यात होतं, शेतकऱ्यांनी सावकारांकडून कर्जरोखे काढून घेऊन जाळले. लोण शिरूरकडच्या गावांतही पोचलं. बऱ्याच ठिकाणी त्यांना माणसं मारायची नव्हती, कागद हवे होते. आपल्याला वाचता येत नाहीत, दुसऱ्यानं लिहिलेत आणि आपलं रान मात्र त्यांच्यावर चालतं, असे कागद. डीडब्ल्यूजी फाइल तरी काय वेगळी आहे? गावात एकाकडेही ती उघडायचं सॉफ्टवेअर नाही. आबांना विहीर नाहीशी झालेली कळली ती नकाशा कागदावर आला म्हणून.

सोमवारी विहिरींचा शोध लागला. त्या मोजायला एक मुलगा वेगळा फिरला होता: खोली, कठडा, मोटार, हिस्सेदार. दोघांना एकाच वेळी काम करता यावं म्हणून त्यानं विहिरी वेगळ्या फाइलमध्ये काढल्या आणि मुख्य ड्रॉइंगला बाहेरून जोडल्या. पद्धत बरोबर आहे, मोठ्या ऑफिसांतही असंच करतात. एका कॉम्प्युटरवर छपाई चालू म्हणून एक्सपोर्टसाठी मुख्य फाइल पेनड्राइव्हवरून दुसऱ्यावर नेली. विहिरींची फाइल पहिल्याच कॉम्प्युटरच्या डी ड्राइव्हवर राहिली. सॉफ्टवेअरला ती सापडली नाही, तेव्हा त्यानं काय केलं? ती वगळून बाकीचं व्यवस्थित एक्सपोर्ट केलं.

सूचना दिली नव्हती असं नाही. खालच्या पट्टीत एक ओळ येऊन गेली होती. शिवाय जोडलेली फाइल सापडली नाही तर तिचा पत्ता ड्रॉइंगमध्येच, जिथून ती जोडली तिथे, बारीक अक्षरांत उमटतो. जोडणी होती शून्य-शून्यला. आणि आमच्या पट्ट्याच्या हिशेबात शून्य-शून्य म्हणजे विषुववृत्तावर, मालदीवच्या पश्चिमेला, हिंदी महासागरात. न्हावऱ्याच्या रानातल्या ३१ विहिरी हरवल्याची रीतसर सूचना सॉफ्टवेअरनं दोन हजार किलोमीटर दूर समुद्रात लिहून ठेवली होती. मी झूम आउट करत करत तिथे गेले. होती ती.

त्या उसाच्या हॅचबद्दल माझं मत तेव्हा बदललं. दोन दिवस त्यानं आम्हाला छळलं, पण त्याच्यामुळे कुणाची विहीर गेली नसती. मेलेली फाइल कुणी कुणाला मेल करत नाही.

मामाला मी म्हटलं, आता पोती मोजायची. आजोबांची पद्धत सरळ होती. उतरवताना एक मोजणार, चढवताना दुसरा, आणि दोघांनी आकडे आधी एकमेकांना सांगायचे नाहीत. आम्ही एक पानाची तालिका केली. एक्सपोर्टच्या आधी मूळ ड्रॉइंगमध्ये मोजायचं: विहिरी किती, डीपी किती, घरं किती, बांधांची एकूण लांबी किती, चार ओळखीच्या दगडांचे आकडे काय. मग निघालेली फाइल दुसऱ्याच प्रोग्रॅममध्ये, दुसऱ्याच मुलानं उघडायची आणि तेच मोजायचं. ज्या सॉफ्टवेअरनं लिहिली त्यातच उघडून बघण्यात अर्थ नसतो. ते स्वतःच्या चुका समजून घेतं. एका फाइलला पंचवीस मिनिटं लागतात. मामा सुरुवातीला कुरकुरला. मग त्यानं कारखान्याचा वजनकाटा आठवला: ट्रक भरलेला आत जाताना एकदा, रिकामा बाहेर येताना एकदा. त्यानंतर कुरकुरला नाही.

या निमित्तानं त्यानं मला एक जुनं टिपण दाखवलं, कुठल्याशा वाटणीच्या कामासाठी नक्कल काढलेलं. ३३ फुटांच्या साखळीनं जमीन मोजून आकार ठरवायची पद्धत गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांनी शेजारच्या इंदापूर तालुक्यात १८३६ च्या सुमारास बसवली आणि तिथून ती मुंबई इलाखाभर गेली. शंकू-साखळीवाल्यांचं कच्चं टिपण बघितलं तर नकाशा म्हणून ते हास्यास्पद दिसतं. हातानं ओढलेला वेडावाकडा चौकोन, प्रमाणाचा पत्ता नाही. पण प्रत्येक रेघेवर माप लिहिलेलं, साखळ्या आणि आणे, आकड्यांत. कागद ताणला, आकसला, दहा वेळा नक्कल झाली तरी माप हलत नाही, कारण माप रेघेत नाहीच, आकड्यात आहे. १९८२ साली ऑटोकॅडबरोबर डीएक्सएफ आली तिच्या पोटातही हेच आहे: साध्या मजकुराच्या ओळी, एका ओळीवर खूण आणि पुढच्या ओळीवर आकडा. नोटपॅडमध्ये उघडून विहिरी शोधता येतात. आम्ही आता तशाच मोजतो.

पाइपलाइनची रेघ बदलली. दोन बेंड वाढले. केएमएल सगळ्यांच्या व्हॉट्सॲपवर गेली. आबांच्या नातवानं ती उघडून दाखवली तेव्हा आबांनी विहीर बघितली आणि लगेच चुलतभावाचं बोअर तिच्यापासून किती फुटांवर येतं ते मोजायला लावलं. तो वेगळा विषय आहे, आणि मी त्यात पडले नाही.

एक गोष्ट अजून सुटलेली नाही. मामाच्या जुन्या ड्रॉइंगांतलं सगळं मराठी युनिकोडच्या आधीच्या फॉण्टमध्ये आहे. पडद्यावर ‘विहीर’ दिसतं, पण फाइलमध्ये इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा काला असतो. फॉण्ट नसलेल्या कॉम्प्युटरवर तो कालाच दिसतो. म्हणून पीडीएफ काढताना मुलं अक्षरांच्या नुसत्या आकृत्या करून टाकतात. छापील नकाशा देखणा निघतो, पण त्यात ‘विहीर’ शोधलं की शून्य सापडतात. गट नंबर आणि नावं एका वेगळ्या एक्सेलमध्ये आहेत. ती एक्सेल कुठल्या कॉम्प्युटरवर आहे ते त्या तालिकेत शेवटच्या रकान्यात पेनानं लिहिलेलं असतं. परवा मामाचा मेसेज आला: नवीन काम, ४६० एमबी, गवत कुठेच नाही, तरी डोंगर.